शस्त्रक्रिया संपली, आता पुढे?

आपल्या भाषेने माणसाच्या मानापमानाचा हिशेब शरीराच्या दोन जागी मांडून ठेवला आहे. जो कोणापुढे वाकत नाही त्याला आपण ताठ कण्याचा माणूस म्हणतो. आणि जो हरला त्याने गुडघे टेकले असे म्हणतो. या दोन जागांपैकी एखादी खरोखरच मोडली, सरकली किंवा झिजली, म्हणजे माणूस नुसता आजारी पडत नाही, तर मनानेही खचतो. सर्दीतापाच्या रोग्याला आपण उद्या बरे होऊ अशी खात्री असते. पण ज्याला आपल्या पायांवर उभे राहता येत नाही, त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की आता आपण कोणावर तरी भार होऊन राहणार काय?

या प्रश्नाचे उत्तर शस्त्रक्रियेने मिळते अशी सर्वसाधारण समजूत आहे. डॉक्टर बाहेर येऊन 'ऑपरेशन यशस्वी झाले' असे सांगतात, दारात उभी असलेली मंडळी हात जोडतात, पेढे वाटले जातात, आणि सगळ्यांना वाटते की काम संपले. वस्तुतः त्या घटकेला अर्धे काम संपलेले असते. उरलेले अर्धे रुग्णाने, त्याच्या घरच्यांनी आणि व्यायाम शिकविणाऱ्या फिजिओथेरपिस्टने करावयाचे असते; आणि ते नीट झाले नाही तर उत्तम शस्त्रक्रियासुद्धा वाया जाते. आजच्या व्याख्यानाचा विषय हे दुसरे अर्धे काम हा आहे.

एक गोष्ट प्रथमच कबूल करून टाकतो, कारण या विषयाकडे आम्ही वळलो ते तिच्यामुळेच. काही वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या भगिनींचा उजवा गुडघा बदलण्यात आला. शस्त्रक्रिया उत्तम झाली. घरी आणल्यावर आम्ही सर्व भावंडे त्यांच्या सेवेला लागलो. पाय सरळ ठेवला की त्यांना दुखत असे. तेव्हा आम्ही गुडघ्याखाली एक मऊ उशी सारली. त्यांना बरे वाटले, आणि आम्हाला धन्य वाटले. रुग्णालयातून निघताना 'गुडघ्याखाली उशी ठेवू नका' असे स्पष्ट सांगण्यात आले होते. पण दुखणाऱ्या माणसाचा चेहरा समोर असताना असल्या सूचना आठवत नाहीत. सहा आठवड्यांनी त्या उभ्या राहिल्या तेव्हा गुडघा पुरता सरळ होईना. पाय किंचित वाकलेलाच राही, आणि चालताना त्या लंगडत. डॉक्टरांनी विचारले, 'उशी ठेवत होता काय?' आम्ही खाली पाहिले.

चूक डॉक्टरांची नव्हती, आणि ताईंचीही नव्हती. चूक आमच्या मायेची होती. आज जे सांगावयाचे आहे ते एका अर्थी त्या उशीविषयीच आहे.

मोडलेल्या अवयवाला विश्रांती द्यावी, हा विचार चुकीचा आहे असे मात्र कोणी समजू नये. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूल शहरी ह्यू ओवेन थॉमस नावाचे वैद्य होऊन गेले. हाडासांध्यांना पुरेशी, अखंड आणि दीर्घकाळ विश्रांती दिली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. त्यांनी तयार केलेली लोखंडी कडीची पट्टी पहिल्या महायुद्धात मांडीचे हाड मोडलेल्या सैनिकांना बांधण्यात आली, आणि तिने अनेकांचे प्राण वाचविले. ती पट्टी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मोडलेले हाड स्थिर राहिले पाहिजे, हा त्यांचा सिद्धांत आजही खराच आहे. पण हाडाला स्थिर ठेवणे वेगळे आणि माणसालाच अंथरुणाला जखडून ठेवणे वेगळे. हा भेद लक्षात यायला वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला.

1947 साली रिचर्ड ॲशर या इंग्रज डॉक्टरांनी अंथरुणात पडून राहण्याच्या धोक्यांवर एक लेख लिहून आपल्या व्यवसायबंधूंना जागे केले. पुढे 1966 साली अमेरिकेत डॅलस येथे एक प्रयोग झाला. वीस वर्षांच्या आसपासचे पाच धडधाकट तरुण तीन आठवडे अंथरुणात ठेवण्यात आले. त्यांना आजार काही नव्हता. फक्त उठावयाचे नाही, एवढीच अट. तीन आठवड्यांनंतर मोजले तेव्हा त्यांची श्रम करण्याची शक्ती, म्हणजे शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता, पाव हिश्शाहून अधिक उतरली होती. याच पाच जणांची तीस वर्षांनी, पन्नाशीत, पुन्हा तपासणी झाली. आणि निष्कर्ष असा निघाला की तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांचे जेवढे नुकसान केले, त्याहून अधिक त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केले होते! धडधाकट तरुणाची ही गत, तर सत्तरीच्या आजीची काय होत असेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

असे का होते? याची कारणे तीन. पहिले कारण स्नायू. न वापरलेला स्नायू शरीर पोसत नाही. शस्त्रक्रिया झालेल्या मांडीचा घेर दोन आठवड्यांतच डोळ्यांना दिसेल इतका कमी होतो. दुसरे कारण कूर्चा, म्हणजे सांध्यातील हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण. या आवरणात रक्तवाहिन्या नाहीत. सांधा हलतो, दाबला जातो, सुटतो, तेव्हा स्पंजात पाणी शिरावे तसा सांध्यातील द्रव तिच्यात शिरतो आणि तिला अन्न मिळते. टोरंटोचे डॉक्टर रॉबर्ट साल्टर यांनी सशांच्या गुडघ्यांवर प्रयोग करून दाखविले, की इजा झालेली कूर्चा सांधा बांधून ठेवल्यापेक्षा हलता ठेवल्यास अधिक चांगली भरून येते. तिसरे कारण रक्त. पोटरीचे स्नायू हे पायातील रक्त वर ढकलणारे पंपच आहेत. ते थांबले की रक्त साकळते, त्याची गुठळी होते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. म्हणूनच आज गुडघा बदललेल्या रुग्णाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर हाती देऊन उभे करतात. घरची मंडळी 'अहो, कालच तर ऑपरेशन झाले!' म्हणून कळवळतात. पण त्यात क्रूरपणा नसून शास्त्र आहे.

आता गुडघ्याकडे वळू. गुडघ्याला इजा झाली, तो सुजला, की एक चमत्कारिक गोष्ट घडते. मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू, जो गुडघा सरळ करतो, तो जणू संपावर जातो. रुग्ण म्हणतो, 'मी जोर लावतो, पण पाय ऐकतच नाही.' तो खोटे बोलत नसतो. सुजलेल्या सांध्याकडून जाणारे संदेश मज्जारज्जूतच त्या स्नायूची आज्ञा दाबून टाकतात. म्हणून पहिल्या दिवसापासून जो व्यायाम दिला जातो तो दिसायला अगदी क्षुल्लक असतो : पाय सरळ ठेवून गुडघा खाली गादीवर दाबावयाचा, मांडी घट्ट करावयाची, पाच-सहा अंक मोजावयाचे आणि सोडावयाचे. 'यात काय व्यायाम?' म्हणून लोक तो टाळतात. वास्तविक झोपी गेलेल्या स्नायूला हाक मारून उठविण्याचे ते काम आहे.

हाक ऐकू आली की मग वजन. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्करी रुग्णालयांत गुडघे जायबंदी झालेल्या सैनिकांची गर्दी झाली होती. थॉमस डेलॉर्म या तरुण डॉक्टरांनी त्यांना हलक्या कसरतींऐवजी चढत्या वजनाने व्यायाम द्यावयास सुरुवात केली आणि 1945 साली आपले अनुभव प्रसिद्ध केले. ते स्वतः लहानपणी संधिज्वराने अंथरुणाला खिळले होते आणि वजने उचलून उभे राहिले होते. आज व्यायामशाळेत 'दहा वेळा, तीन फेऱ्या' असे जे सांगतात, त्याचे मूळ बऱ्याच अंशी या जखमी सैनिकांच्या गुडघ्यांत आहे.

गुडघ्याच्या बाबतीत लोक 'किती वाकतो?' एवढेच विचारतात. त्याआधी 'पुरता सरळ होतो काय?' हे विचारले पाहिजे. पाय सरळ झाला नाही तर मांडीचा स्नायू प्रत्येक पावलाला राबत राहतो आणि माणूस लवकर दमतो. वाकण्याचे म्हणाल, तर सपाट रस्त्यावर चालायला सुमारे साठ-पासष्ट अंश पुरतात, जिना चढण्या-उतरण्यास सुमारे नव्वद, आणि बुटक्या खुर्चीवरून उठायला त्याहून थोडे अधिक. पण मांडी घालून पंगतीला बसणे, पाटावर बसून पूजा करणे, उकिडवे बसणे यांसाठी गुडघा याच्याही खूप पुढे वाकावा लागतो. बदललेला गुडघा सामान्यतः एकशेदहा-एकशेवीस अंशांपर्यंत जातो. म्हणून जमिनीवर बसणे टाळावे असा सल्ला बहुधा दिला जातो. हे आधीच समजून घेऊन घरी कमोडची आणि उंच खुर्चीची सोय केली, तर पुढचा मनस्ताप वाचतो. देवपूजा खुर्चीवर बसून केल्याने देव रागावत नाही.

सर्व गुडघ्यांना एक वेळापत्रक लागू पडत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. गुडघ्यात चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन चकत्या असतात. त्यांपैकी एखादीचा फाटलेला तुकडा कापून काढला असेल, तर रुग्ण काही दिवसांत चालू लागतो. पण तीच चकती टाके घालून शिवली असेल, तर टाके धरेपर्यंत काही आठवडे वजन टाकण्यावर आणि खोल वाकण्यावर बंधन असते. बाहेरून दोघांच्याही गुडघ्यांवर सारखीच दोन बारीक छिद्रे दिसतात! म्हणून 'शेजारचे अमुक आठ दिवसांत कामावर गेले, मग तुम्हीच का झोपून?' हा प्रश्न कोणी कोणाला विचारू नये.

याहून फसवा प्रकार खेळाडूंचा. कबड्डीत किंवा फुटबॉलमध्ये पाय मुरगळून गुडघ्याच्या आतला अस्थिबंध तुटतो. त्याच्या जागी रुग्णाच्याच शरीरातली दुसरी स्नायुदोरी घेऊन बसवितात. ही दोरी नव्या जागी प्रथम निर्जीवासारखी असते; मग तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, जुने तंतू जाऊन नवे येतात, आणि या उलथापालथीत पहिले काही महिने ती बसविली तेव्हापेक्षाही कमजोर असते. नेमक्या याच काळात सूज उतरलेली असते, दुखणे थांबलेले असते, आणि मुलाला वाटते आपण बरे झालो. मैदानावर परतावयास निदान नऊ महिने थांबावे, आणि तेव्हाही दोन्ही पायांची ताकद मोजून पाहावी, असे आज सांगतात ते याचसाठी. ताईंच्या बाबतीत दुखण्याला आम्ही फार मान दिला, म्हणून नुकसान झाले. खेळाडूच्या बाबतीत दुखत नाही यावर फार विश्वास ठेवला, म्हणून नुकसान होते. तात्पर्य, दुखणे हा निरोप्या आहे, न्यायाधीश नव्हे.

मग त्याचा निरोप वाचावा कसा? एक ढोबळ कसोटी उपयोगी पडते. व्यायामानंतर दुखले, पण थोड्या वेळात शमले आणि दुसऱ्या सकाळी गुडघा कालच्यासारखाच आहे, तर मात्रा योग्य. दुसऱ्या सकाळी सूज वाढली, गुडघा काल वाकत होता तेवढाही वाकेना, तर मात्रा जास्त झाली; व्यायाम बंद करू नये, कमी करावा.

पाठीच्या कण्याचा विचार थोडा वेगळा आहे. मणक्यामणक्यांत ज्या गाद्या असतात त्यांतील एखादीचा गाभा मागे सरकून मज्जातंतूवर दाब देतो आणि पायात कळ जाते, ही गोष्ट मिक्स्टर आणि बार या बोस्टनच्या दोघा डॉक्टरांनी 1934 साली स्पष्ट करून मांडली. गादीचा तो तुकडा काढला म्हणजे पायातली कळ बहुधा लवकर थांबते. पण बधिरपणा आणि पावलातला अशक्तपणा रेंगाळतो, आणि रुग्ण घाबरतो की ऑपरेशन फसले. तसे नसते. इजा झालेला मज्जातंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने. कमरेपासून पावलापर्यंतचे अंतर लक्षात घेतले म्हणजे महिने का लागतात हे कोणालाही कळेल. आणि दाब फार दिवस राहिला असेल तर काही बधिरपणा कायमचाही राहू शकतो.

स्वीडनचे डॉक्टर आल्फ नाखेमसन यांनी 1960च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांतील गादीत सुई घालून तिच्यावरचा दाब मोजला. निजलेल्या माणसाचा दाब सर्वांत कमी, उभ्याचा त्याहून अधिक, आणि टेकू न घेता पुढे वाकून बसलेल्याचा त्याहूनही अधिक, असे त्यांना आढळले. आपल्याला वाटते बसणे म्हणजे आराम. गादीला तसे वाटत नाही. म्हणून कण्याच्या शस्त्रक्रियेनंतर प्रारंभी तासन्‌तास बसणे टाळावयाचे, आणि थोडे थोडे चालावयाचे. चालणे हाच पहिल्या आठवड्यांतला मुख्य व्यायाम : आज अंगणापर्यंत, उद्या कोपऱ्यापर्यंत. अंथरुणातून उठताना सरळ उठून बसू नये. आधी सबंध अंग एकदम कुशीवर वळवावे, पाय खाली सोडावेत, आणि हाताच्या रेट्याने उठावे. वाकून बादली उचलणे आणि खड्ड्यांच्या रस्त्यावरून दुचाकीचा प्रवास, हे डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत वर्ज्य.

जेथे दोन मणके एकमेकांस जोडावे लागतात तेथे सबुरी आणखी हवी. हिब्स आणि आल्बी यांनी न्यूयॉर्कमध्ये 1911 साली ही शस्त्रक्रिया प्रचारात आणली. आज स्क्रू आणि दांड्या बसवितात, क्ष-किरणांच्या चित्रात त्या भक्कम दिसतात, आणि रुग्णाला वाटते आपण लोखंडी झालो. पण तो केवळ आधार आहे. गवंडी स्लॅब भरताना खाली टेकू लावतो तसा. खरा जोड शरीराने नवे हाड घालून करावयाचा असतो, आणि त्याला तीन ते सहा महिने, काहींना वर्षही लागते. जोड न झाला तर धातूही अखेर थकतो. या जोडाचा मोठा वैरी तंबाखू आहे. विडी असो, चघळण्याची असो वा मशेरी असो, तिच्यातील निकोटीन नव्या हाडाला मिळणारे रक्त तोडते. डिंकाचे लाडू करण्याआधी घरच्यांनी तंबाखूची डबी उचलून ठेवावी. लाडवांना आमचा विरोध नाही. पण हाड आणि स्नायू भरण्यास दूध, डाळी, उसळी, चालत असल्यास अंडी, यांची रोजची सोबत हवी.

काही खुणा मात्र अशा आहेत की त्या दिसताच सकाळची वाट पाहू नये. पोटरी एकाएकी सुजली व दुखू लागली, धाप लागली, छातीत दुखले. जखमेतून पू आला, ताप चढला. पाठीच्या रुग्णाची लघवी अडली वा आपोआप होऊ लागली, मांड्यांच्या आतली व बैठकीची जागा बधिर झाली, पायातली शक्ती अचानक गेली, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. सुजलेल्या पोटरीला तेल लावून रगडणे तर कधीही करू नये. आत गुठळी असेल तर ती सुटेल.

अखेरीस त्या रुग्णांविषयी, ज्यांचा मज्जारज्जूच तुटला आहे. शस्त्रक्रिया त्यांचा कणा स्थिर करते. तुटलेला मज्जारज्जू जोडण्याची विद्या माणसाला अद्याप साधलेली नाही. एके काळी असे रुग्ण शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या रोगांनी थोड्या वर्षांत दगावत. लुडविग गुटमान हे जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू डॉक्टर. त्यांनी 1944 साली इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल येथे अशा सैनिकांसाठी कक्ष उघडला. रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलणे, हा तेथला कडक नियम. आणि जगले म्हणजे नुसते जगू द्यावयाचे नाही, काम आणि खेळ द्यावयाचे, हा दुसरा. 29 जुलै 1948 रोजी, लंडनचे ऑलिंपिक सुरू झाले त्याच दिवशी, सोळा रुग्णांनी चाकांच्या खुर्चीत बसून धनुर्विद्येचे सामने खेळले. पॅरालिंपिकचा उगम तो.

याच प्रवाहात आपला एक माणूस आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर 1965च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झाले आणि कमरेखाली लुळे पडले. उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरविण्यात आले. आणि 1972 साली जर्मनीत हायडलबर्ग येथे त्यांनी पन्नास मीटर पोहण्यात भारताला पॅरालिंपिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्यात खडकीला अशाच जखमी जवानांसाठी 1974पासून पुनर्वसन केंद्र चालू आहे, आणि मुंबईत हाजीअलीला याच विद्येची अखिल भारतीय संस्था 1955 साली स्थापन झाली. पेटकरांचे पाय परत आले नाहीत. पण 'मी भार होऊन राहणार काय?' या प्रश्नाचे उत्तर त्यांनी दिले.

आता ताईंची गोष्ट पुरी करतो. उशी काढली. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी आली, गुडघा अधांतरी, आपल्याच वजनाने हळूहळू सरळ व्हावा म्हणून. त्या कण्हत, आणि आम्ही शेजारी बसून घड्याळ पाहत असू. पुष्कळदा आम्हालाच दुसऱ्या खोलीत जावे लागे. पाच महिन्यांनी लंगडणे गेले. शेवटचे थोडे अंश मात्र राहिले ते राहिलेच. आज त्या भाजी आणावयास स्वतः जातात, जिना धरून चढतात, आणि आम्ही हात पुढे केला की म्हणतात, 'राहू दे, उशी ठेवणारा तूच ना?'

तेव्हा आपल्यापैकी कोणाच्या घरी उद्या असा रुग्ण आला, तर त्याची सेवा जरूर करावी. त्याच्यासाठी पाणी आणून द्यावे, पण चार पावलांवरचा पेला त्याचा त्याला घेऊ द्यावा. तो उठत असताना हात धरून ओढू नये. पडला तर सावरता येईल इतक्या अंतरावर उभे राहावे.